पाठ बुडायच्या आत

फेब्रुवारीचा पहिला सोमवार

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न वाचताच फाडायला निघाली असशील, तर फाड. फक्त त्याआधी ही एक ओळ वाच. मी लग्न करतेय.

बघ, थांबलीस ना!

हो, मीच. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी, जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे शिवून 'मला नाही बाई त्या भानगडीत पडायचं' म्हणणारी तुझी धाकटी बहीण. इथल्या गेस्टहाउसची मालकीणबाई, म्हणजे जिच्या चादरी-पडद्यांची शिलाई मी बघते ती, मला म्हणाली, "तुमच्या गुडघ्याला बाशिंग कधी बांधलं गेलं, आम्हाला पत्ताच नाही!" मलाही नव्हता गं.

तीन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. बाबांना न्यायच्या वेळी तू पोचली नाहीस, आणि नंतर दारात मी तुला "बाबांनी तरी तुझ्यासाठी थांबायचं होतं की काय?" असं चारचौघांत विचारलं. तू पाणीसुद्धा न घेता परत गेलीस. मला अजून राग आहे, तुलाही असेल. पण राग राहू दे एका बाजूला. आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घातल्यास. आता केस पिकलेत, पण त्या दिवशी ते विंचरायला मला तूच पाहिजेस.

तर नवरदेव. त्याला सगळं बेट 'कप्तान' म्हणतं. बंदर ते बेट अशी फेरीबोट चालवतो, बायको जाऊन बरीच वर्षं झालीत, बोलतो कमी आणि हसतो त्याहून कमी. पहिल्यांदा आला तो बोटीवरची फाटकी ताडपत्री घेऊन. शिवून दिली. महिन्याभराने पुन्हा तीच, दुसरीकडे फाटलेली. शिवून दिली. तिसऱ्या वेळी मी ती उजेडात धरली, तर ती फाटलेली नव्हतीच, सुरीने सरळ कापलेली होती! शिवणाऱ्या बाईला फाटलेलं आणि कापलेलं यातला फरक कळतो, हे त्या बिचाऱ्याला कुठलं माहीत! मी चहा टाकला. तेव्हापासून ताडपत्री धडधाकट आहे आणि चहा चालू आहे.

लग्न समुद्रावर. म्हणजे अगदीच समुद्रावर, ताई! किनाऱ्यापासून थोडं आत वाळूचा एक पट्टा आहे. भरतीत तो दिसतही नाही. ओहोटी लागली की डबक्यातून म्हैस उठावी तसा सावकाश वर येतो, म्हणून सगळे त्याला 'पाठ' म्हणतात. गुडघाभर पाण्यातून चालत जायचं. चहूकडे पाणी, मधे आपण पंधराएक माणसं. नोंदणी कार्यालयातली अधिकारीबाई येईल, आम्ही सह्या करू, जेवू आणि परत येऊ. मला तर आत्तापासूनच झोप लागत नाही.

मार्चचा दुसरा शनिवार. दुपारी तीन वाजता. तीन म्हणजे तीन, ताई! इथे तुझ्या वॉर्डातल्यासारखं नाही चालणार. प्रसूतिगृहात तीस वर्षं काढलेल्या माणसाने 'बाळं घड्याळ बघून येत नाहीत' म्हणावं हे ठीक आहे, पण तू घड्याळ बघून ये.

तुझी,
बारकी


फेब्रुवारीचा तिसरा गुरुवार

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. नाही बोलायचं तर नको बोलूस, पण इथे इतकं काय काय चाललंय की कुणाला तरी सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल.

आधी मांडवाची गंमत ऐक. जुन्या पांढऱ्या चादरी जोडून मी छान मोठं छत शिवलं. कडेला निळी पट्टी लावली. रविवारी ओहोटीत 'पाठी'वर नेऊन चार काठ्यांवर ताणलं, आणि सगळे "वा! वा!" म्हणतात न म्हणतात तोच वारा आला. छत उचललं ते थेट मासेमारीच्या एका होडीवर जाऊन बसलं. त्या होडीतला म्हातारा आतून ओरडतोय, "अहो, रात्र झाली का?" आम्ही हसून हसून पाण्यात बसलो. कप्तानसुद्धा हसला, त्याचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. चांगले आहेत.

मग मी शिशाचे मणी आणले, जाळ्याला लावतात ते, आणि छताच्या दुमडीत एकेक शिवून टाकले. आता वारा नाक घासत येऊ दे. त्याच धडाक्यात माझ्या झग्याच्या घेरातही मणी घातलेत. नाहीतर अधिकारीबाईंसमोर माझाच मांडव व्हायचा!

खुर्च्यांचं वेगळंच. बसलं की पाय वाळूत रुततात, आणि माणूस सावकाश तिरका होत जातो. मालकीणबाई तालमीत अशीच बोलता बोलता आडवी झाली, पण बोलायची थांबली नाही. आता प्रत्येक पायाखाली डब्याचं झाकण ठेवायचं ठरलंय. आचारी केकवरून रुसलाय. त्याला तीन मजली करायचाय, मी म्हणते उन्हात तो एकमजली होईल. तो म्हणतो, "बाई, तुम्ही तुमच्या चादरी सांभाळा." मी गप्प. जेवण त्याच्या हातात आहे.

वेळेचं काम कप्तानकडे आहे. त्याने भरती-ओहोटीचं गणित मांडून ठेवलंय. त्या दिवशी चारच्या आत पाठ काही पाण्याबाहेर येत नाही आणि सूर्य टेकेपर्यंत पुन्हा बुडते, मधल्या वेळात काय लग्न लावायचं ते लावा, म्हणतो. मी म्हटलं, थोडं मागेपुढे? तर म्हणाला, "पाणी घड्याळ बघत नाही." मी दचकलेच. अगदी तुझ्याच तोंडचं वाक्य! तुमचं दोघांचं जमेल बघ.

अजून एक. तुझ्यासाठीही एक झगा शिवलाय. जांभळा. माप घ्यायची गरज नव्हती, तुझं माप माझ्या हातात आहे. तीन वर्षांत अंगाने वाढली असशील म्हणून शिवणीत दोन बोटं माया ठेवलीय, लागली तर उसवून देईन. तो माझ्या खोलीत दाराला टांगलाय. संध्याकाळी वाऱ्याने हलतो तेव्हा कुणीतरी आत आलं असं वाटतं, आणि मी मशीन थांबवून बघते.

ये ना गं.

बारकी


फेब्रुवारीचा शेवटचा दिवस

ताई,

तुझं पोस्टकार्ड आलं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि आधी नुसती कार्ड धरून बसले. मग वाचलं. मग मशीनचा दिवा मालवला आणि दार लावून घेतलं.

तू लिहिलंयस : "चारपर्यंत वाळूच नसेल, तर तीनला येऊन मी काय पाण्यात उभी राहू? खरी वेळ सांग. तुम्ही सगळे मला तास आधीची वेळ सांगता, हे मला कधीपासूनच माहीत आहे. म्हणून मी तास मिळवून निघते. बाबांच्या वेळी तू अकरा म्हणालीस. मी बारा धरले."

ताई, मी अकरा म्हणाले कारण अकराच होते.

बाबांच्या बाबतीत मी कशी गं खोटी वेळ सांगेन? मला वाटलं, आज तरी ताई येईल. आणि तुला वाटलं, ही नेहमीचीच अकराची थाप. तू बाराच्या आधी पोचलीस! तुझ्या हिशोबाने तू वेळेआधी आली होतीस, आणि घर रिकामं होतं, आणि दारात मी.

मी तिथल्या तिथे दादाला फोन लावला. हा उद्योग सुरू कुणी केला, म्हटलं. तो म्हणाला, वहिनीने. वहिनी म्हणाली, "मी नाही बाई, बाबांनीच." आणि ते खरं निघालं! दादाच्या लग्नात बाबांनीच पहिल्यांदा तुला तास आधीची वेळ सांगितली होती, आणि तू वेळेवर आलीस तेव्हा वहिनीला डोळा मारला होता. पुढे ते घराला लागलेलं वळणच झालं. तुला कधी कळलं गं? वहिनी म्हणते, दादाच्या मुलीच्या वाढदिवसाला तू चुकून लवकर आलीस तेव्हा टेबलावर ताटंसुद्धा मांडलेली नव्हती आणि ती स्वतः केस धूत होती. तू मुकाट्याने ताटं मांडलीस. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तू तुझ्या बाजूने बेरीज करत राहिलीस, आम्ही आमच्या बाजूने वजाबाकी.

तीन वर्षं, ताई! यासाठी!

मी रडले, मग मला इतका संताप आला की चांगलं कापड वाकडं कापलं. बाबांवर चिडावं तर ते नाहीत. तुझ्यावर चिडावं तर तुझं चुकलं काय? मग कुणावर चिडू? कप्तान संध्याकाळी आला, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या घरात एखादं घड्याळ खरं होतं का?" मला हसू आलं. रडता रडता हसले.

आता नीट वाच. खरी वेळ चार. यात मी एक मिनिटसुद्धा मिसळलेलं नाही. तीन मी सवयीने लिहिलं होतं, लिहिताना विचारही केला नाही, हेच तर सगळ्यात वाईट.

पण आता तू यावर विश्वास कसा ठेवणार? 'खरी म्हणते म्हणजे पाच' असं तर नाही ना तू धरणार? देवा! पाचला आलीस तर पाठ बुडायच्या आत उरकायचं कसं?

आणि मुळात येणार आहेस की नाही, ते तू लिहिलंच नाहीस.

बारकी


लग्नाच्या आधीचा सोमवार

ताई,

उत्तर नाही. मी आता वेळेचं नावच काढत नाही. आपल्या घरात वेळ सांगून कुणाचं भलं झालंय!

त्याऐवजी मी कप्तानला बजावलंय. शनिवारी दुपारी तो बंदरावरून फेरीबोट आणेल. तिच्यात दादा, वहिनी, अधिकारीबाई आणि बाकीचे असतील. मी म्हटलं, माझी ताई चढल्याशिवाय दोर सोडायचा नाही.

तो म्हणाला, "प्रवासी ओरडतील."

म्हटलं, ओरडू देत.

"ओहोटी थांबणार नाही."

म्हटलं, मग पाण्यात लग्न लावू. घेरात शिसं आहे, मी काही वाहून जात नाही.

मग खाली बघत त्याने विचारलं, "आणि नाहीच आल्या तर?"

मी म्हटलं, येईल. आणि लगेच आत जाऊन उगाचच कात्रीला धार लावत बसले, कारण माझं मलाच खात्रीने सांगता येईना. वॉर्डात तुझी पाळी असेल, कुणीतरी अडली असेल, तुझा राग गेला नसेल. तू माझ्याशिवाय तीन वर्षं काढलीस, आणखीही काढशील. मला मात्र नाही जमायचं. हे मी आता सरळ लिहूनच टाकते.

बाकी तयारी जोरात आहे. आचाऱ्याने माघार घेतली, केक एकमजली. झाकणं जमा झाली. अधिकारीबाईंना बोट लागते म्हणे, त्यांनी विचारलंय की सह्या किनाऱ्यावर केल्या तर चालेल का. मी म्हटलं, बाई, आवळ्याची गोळी तोंडात धरा आणि या. मला चार वाजता त्या वाळूवर उभं राहायचंय.

पाहिलंस? काढलंच वेळेचं नाव.

बारकी


लग्नानंतरचा बुधवार

ताई,

पोचलीस का? पाळीवर गेलीस का? मला अजून काही सुधरत नाहीये. सुई हातात घेते आणि हसत बसते. तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण मला ते पुन्हा एकदा घडायला हवंय.

शनिवारी सकाळी मी धक्क्यावर गेले ती फुलांच्या टोपल्या उतरवून घ्यायला. भाजीची होडी लागलेली होती. कोबीच्या पोत्यांपलीकडे एक बाई बॅगेवर बसली होती, पाठमोरी. मी म्हटलं, कुणाचं तरी पाहुणं माणूस दिसतंय. आणि मग तू मान खाजवलीस. बोट मागे वळवून, तशी मान जगात फक्त तूच खाजवतेस.

"कधी आलीस?"

"उजाडायच्या आधी. भाजीवाल्याने आणलं."

"अगं, पण चार वाजता..."

तू म्हणालीस, "तुम्ही काय वाटेल ते सांगा गं. या वेळी म्हटलं, आपण आधी जाऊनच बसावं."

आणि मग आपण दोघी त्या कोबीच्या पोत्यांमधे ज्या काही रडलो! भाजीवाला म्हणाला, "बाई, माल भिजतोय." तू माझे केस विंचरलेस. झगा तुला तंतोतंत बसला, माया उसवावी लागली नाही. तू आरशात बघून म्हणालीस, "मेले, तुला अजून माप पाठ आहे?" मी इतकी आनंदात होते, ताई, इतकी आनंदात, की कप्तानला काय बजावून ठेवलंय हे साफ विसरून गेले.

चार वाजले, पाठ वर आली, आपण चालत गेलो. छत ताठ उभं राहिलं. खुर्च्या झाकणांवर. मालकीणबाई आली, आचारी केकवर ओलं फडकं धरून उभा राहिला. आणि नवऱ्याचा पत्ता नाही! समुद्र रिकामा. वाट बघतोय, बघतोय. मला वाटलं, बोट बिघडली. मग वाटलं, मन फिरलं. मालकीणबाईने तुझा हात धरून "तुम्ही यांच्याजवळ बसा" म्हटलं आणि ती चौकशी करायला परत गेली.

त्या वेळी बंदरावर काय चाललं होतं ते मला दादाने नंतर सांगितलं. तुझ्यापर्यंत ते नीट पोचलं नसेल, म्हणून सांगते. कप्तान बोटीचा दोर हातात धरून धक्क्याकडे डोळे लावून उभा. प्रवासी ओरडतायत. अधिकारीबाई गोळ्यांवर गोळ्या खातायत. तो दादाला म्हणाला, निघू का? आणि आपला दादा, आपला शहाणा दादा, काय म्हणाला असेल? "ताई ना? मग तासभर तरी धराच." काखेत कळसा आणि गावाला वळसा! वहिनी म्हणे मागून सांगत होती, "मी तर तिला फोन करून दोनची वेळ सांगितलीय हो!" तरीही! शेवटी मालकीणबाईने बंदराच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या कारकुनाने धावत येऊन सगळ्यांसमोर ओरडून निरोप दिला, "नवरीची बहीण सकाळपासून तिकडे आहे, विचारतायत नवरा कुठाय?" दादा म्हणतो, कप्तानने तेव्हा जी बोट सोडली तशी त्याने जन्मात सोडली नसेल.

पण मला ते नव्हतं सांगायचं. मला तो मधला वेळ लिहायचा होता.

आपण दोघी खुर्च्यांवर बसलो होतो. करायला काही नव्हतं. पाण्यावर ऊन होतं. आणि तू एकदम, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "बाबांच्या दिवशी काय काय झालं? मला कुणी सांगितलंच नाही गं."

मग मी सांगितलं. न्हावी आला आणि बाबांची दाढी करताना सवयीने म्हणाला, "मान जरा वर करा." मी शिवलेला निळा सदरा घातला, आणि वरचं बटण लोंबत होतं ते मी तिथेच, त्यांच्या अंगावरच टाचलं. दात लावून धागा तोडताना त्यांच्या छातीवर डोकं टेकलं, ते उचलवेना. दादाला रडू येत नव्हतं म्हणून तो सारखा पंखा बंद-चालू करत होता. गाडी निघाली आणि बघते तर चष्मा टेबलावरच. तो घेऊन मी कोपऱ्यापर्यंत धावले, ड्रायव्हरने गाडी थांबवली, मी चष्मा त्यांच्या खिशात ठेवला. आणि रस्त्यावर दोन्हीकडे बघितलं, तू येताना दिसतेस का म्हणून.

तू म्हणालीस, "बटण कुठल्या धाग्याने?"

मी म्हटलं, पांढऱ्या. निळा सापडला नाही.

तू म्हणालीस, "त्यांना चाललं असेल." आणि माझा हात जो धरलास तो सोडला नाहीस. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तू मधे मधे विचारत राहिलीस. पाणी खुर्च्यांच्या झाकणांना लागलं तरी आपल्याला कळलं नाही.

मग भोंगा वाजला.

कप्तान पाण्यातून धावत आला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली, तोंड उतरलेलं. मागे दादा, वहिनी, आणि बोट लागून हिरव्या पडलेल्या अधिकारीबाई. सह्या केल्या तेव्हा पाणी घोट्याच्या वर होतं, टेबल आचाऱ्याने आणि तू धरलं होतं, आणि माझा झगा, शिशाची कृपा, जिथल्या तिथे. सगळे टाळ्या वाजवत होते आणि खुर्च्या एकेक करून तरंगायला लागल्या होत्या.

रात्री तू आणि वहिनी झोपलात तेव्हा तो माझ्यासमोर गुन्हेगारासारखा बसला. म्हणाला, "स्वतःच्या लग्नाला मीच उशीर केला. तुला किती वेळ ताटकळत बसावं लागलं."

मी म्हटलं, "आणखी थोडा उशीर केला असतास तरी चाललं असतं."

तुझी,
बारकी